वाटीचे पिस्टन

४ फेब्रुवारी

"वाटीवालेच घाल." बस्स. एवढंच बोलले अप्पा आणि चष्मा पुसत चहा प्यायला निघून गेले.

माझं पानभर गणित टेबलावर तसंच. तीन दिवस बसून केलेलं. सहा सिलिंडरचं इंजिन, बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, एक मिलिमीटरने वाढवून चौऱ्याऐंशी, स्ट्रोक नव्वद. तीन प्रकारचे पिस्टन आणि तिन्हींचं कॉम्प्रेशन समोर लिहिलेलं. कंपनीचे मूळचे वाटीवाले, म्हणजे माथ्यावर खोलगा असलेले — त्यांनी येतं आठ. सपाट माथ्याचे घातले तर नऊच्या पुढे. आणि माथा घुमटासारखा वर आलेले घातले तर दहाच्या किंचित वर. माथा जेवढा उंच तेवढी वरची जागा कमी, तेवढा दाब जास्त, तेवढी ताकद जास्त. हे मला शिकवलं कोणी? अप्पांनीच!

मला घुमटवाले हवेत. एप्रिलच्या शेवटी डोंगरावरची शर्यत आहे आणि मी नाव दिलंय. आठच्या कॉम्प्रेशनवर ती गाडी घेऊन दूध पोचवायला जावं.

नको तर नको, पण का नको ते तरी सांगाल? दोनदा विचारलं. गिऱ्हाइकाला व्हॉल्व्ह कसा बसतो ते तासभर समजावतात, खडूने जमिनीवर चित्र काढून. सतरा वर्षं त्यांच्या शेजारी उभी राहून ग्रीसमध्ये हात घालणाऱ्या मुलीला दोन शब्द.

चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत म्हणून जीभ चावून गप्प बसले. नाहीतर—

७ फेब्रुवारी

पिस्टनवाल्याला फोन केला. पहिलं वाक्य — मॅडम, मेकॅनिकशी बोलू का? म्हटलं, बोलताय. नाही, म्हणजे जे बसवणार आहेत त्यांच्याशी. म्हटलं, मीच बसवणार. मग जरा थांबून, मिस्टर काय करतात? मिस्टर शाळेत भूगोल शिकवतात, नद्यांबद्दल काही विचारायचं असेल तर देते फोन, म्हटलं. तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

माणूस तिरसट आहे पण धंद्यात पक्का. दाब वाढवणार असाल तर ओतीव पिस्टन घेऊ नका, तापले की तडकतात. ठोकून घडवलेले घ्या, म्हणाला. पिनपासून माथ्यापर्यंतची उंची विचारली. सांगितली. क्रँक वर आला की माथा ब्लॉकच्या किती खाली राहतो? अर्धा मिलिमीटर. गॅस्केट दाबल्यावर किती? एक पूर्णांक दोन. तो खोट काढायला बघत होता आणि मला सगळं पाठ होतं. शेवटी "ठीक" म्हणाला. ते "ठीक" मी मेडलसारखं ठेवून घेतलंय.

सहा घुमटवाले. तीन आठवडे लागतील म्हणाला.

८ फेब्रुवारी

अप्पांना सांगितलं, ऑर्डर दिली. पाना पुसत बसले होते. पुसतच राहिले. चांगला स्वच्छ होता तो पाना.

१२ फेब्रुवारी

आई म्हणते, दुसरं कुठलंही इंजिन घे गं, तेच कशाला.

तेच, कारण ते आमच्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली बावीस वर्षं मेलेल्या जनावरासारखं पडलंय. तेच, कारण ते दादाचं.

लिहूनच काढते, म्हणजे डोकं थंड होईल. दादा तेव्हा तेवीसचा, मी सतराची. अप्पांनी जुन्या गाडीत हे सहा सिलिंडरचं इंजिन बांधलं आणि शर्यतीत दादाला बसवलं. तिसऱ्या वळणावर पाचव्या पिस्टनला भोक पडलं. तेल उडालं, मागच्या चाकाखाली गेलं, गाडी फिरून दगडी कठड्यावर. दादाचा डावा पाय तीन ठिकाणी मोडला. अजून लंगडतो.

तो हॉस्पिटलात असताना अप्पांनी इंजिन उघडलं. एकट्याने. दार आतून लावून. दुसऱ्या दिवशी बाहेर आले आणि जो भेटेल त्याला एकच सांगितलं — पोरानं इंजिन ताणलं. मर्यादेच्या पलीकडे फिरवलं, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला नाही. दादानं ऐकून घेतलं. एक अक्षर उलट बोलला नाही. पाय बरा झाल्यावर सहा महिन्यांत घर सोडलं. आता दोन दिवसांच्या प्रवासावर राहतो, शीतगृहांची यंत्रं दुरुस्त करतो. आईला दर रविवारी फोन. अप्पांना — नाही. अप्पाही घेत नाहीत. फोन वाजला की उठून बाहेर जातात.

पाय मोडलेल्या मुलाला कोणी असं चारचौघांत बोलतं?

आणि त्या इंजिनात त्यांनी कुठले पिस्टन घातले होते? घुमटवाले! डिसेंबरात मीच काढले ना बाहेर. मुलाला घुमटवाले, मुलीला वाटीवाले. झालं.

१७ फेब्रुवारी

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ते आज कळलं.

पिस्टनवाल्याला सहज फोन केला, काम कुठवर आलं म्हणून. तो म्हणतो, थांबवलंय की. तुमच्या वडिलांनीच सांगितलं परवा. वाटीवाले करा म्हणाले.

माझी ऑर्डर. माझी गाडी. माझं नाव शर्यतीच्या यादीत. आणि हा माणूस मागच्या खोलीत जाऊन, दार लोटून, माझ्या पाठीमागे फोन करतो! मी काय बाहुली आहे?

फोन हातात तसाच घेऊन गेले त्यांच्यासमोर. विचारलं, हे खरं का. हो म्हणाले. लाज नाही, सबब नाही. कशासाठी? तर, "माझं ऐक. वाटीवाले पुरतील तुला." पुरतील! जास्त मागितलं म्हणून ताटातलं काढून घेतात तसं.

खूप बोलले मी. सतरा वर्षांचं सगळं बोलले. गिऱ्हाईक आलं की मला "मदतीला आहे" म्हणतात ते. गिअरबॉक्स मी उघडायची आणि पाटीवर नाव त्यांचं ते. दादा असता तर असं केलं असतं का, हेही विचारलं. तेव्हा मात्र मान वर केली. वाटलं आता बोलतील. पण उठून हात धुवायला गेले.

संध्याकाळी नवरा म्हणाला, त्यांना भीती वाटत असेल तुझी. माझी? तुझ्याबद्दलची, म्हणाला. मग तसं म्हणावं की माणसानं! भीती वाटते म्हणायला काय जीभ झडते?

१८ फेब्रुवारी

पिस्टनवाल्याला परत फोन. ऑर्डर माझी, घुमटवालेच करा. तो वैतागला. तुमचं घरात एकदा ठरवा बाई, म्हणाला. आणि एक अट घातली — पुस्तकातला आकडा चालणार नाही, हेडमधली, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणातली, जागा मोजून सांगा. सहाही ठिकाणी. जुन्या इंजिनाला कोणी काय केलंय कोण सांगणार.

माझ्यावर विश्वास नाही म्हणून राग आला. पण बरोबर आहे त्याचं. मोजायला हवं होतं मी आधीच. पुस्तकात पन्नास सीसी लिहिलंय म्हणून पन्नास धरलं. गिऱ्हाइकाचं इंजिन असतं तर धरलं असतं का?

२० फेब्रुवारी

बेचाळीस.

हेड उलटं ठेवलं. व्हॉल्व्ह बसवले, कडेला ग्रीस लावून वर काच दाबली, काचेच्या भोकातून मापाच्या नळीने थेंब थेंब रॉकेल सोडलं. पन्नासला भरायला हवं. बेचाळीसलाच काठोकाठ. वाटलं हवा राहिली. पुसून परत. बेचाळीस. दुसरं घर — बेचाळीस. सहाही घरं. कुठे एखादा थेंब इकडेतिकडे.

मग हेडची जाडी मोजली. पुस्तकापेक्षा जवळपास दोन मिलिमीटर कमी.

उचलून सिलिंडर कातणाऱ्या बोअरिंगवाल्याकडे नेलं. त्यानं तळहात फिरवला, उजेडात तिरपं धरलं. "हे घासलंय. आणि जरासं नाही, चांगलं खालपर्यंत घेतलंय." तुमच्याकडे झालंय का विचारलं. आमच्याकडचं नाही म्हणाला, आम्ही एवढं घेऊच देत नाही. एवढं घासल्यावर पिस्टन कुठले घालणार हे विचारल्याशिवाय हातसुद्धा लावत नाही.

परत येताना हेड मांडीवर घेऊन बसले होते. नवरा गाडी चालवत होता. काय झालं म्हणून विचारत राहिला. 

२१ फेब्रुवारी

गणित परत केलं. आधी माझं. बेचाळीस धरून घुमटवाले पिस्टन: अकरा पूर्णांक सात. या पेट्रोलवर अकरा-सात! पहिल्याच चढावर इंजिन ठोकायला लागलं असतं. आत हातोडी मारल्यासारखा आवाज येतो, माथा तापतो, वितळतो. मग भोक.

भोक.

मग दादाचं गणित केलं. जुना बोअर, त्र्याऐंशी. अप्पांचे घुमटवाले पिस्टन. पन्नासनं करून बघितलं: दहाला एक बोट कमी. अप्पांनी तेच ठरवलं असणार, सुरेख हिशोब आहे. बेचाळीसनं केलं: साडेअकरा.

साडेअकरा. तेव्हाच्या पेट्रोलवर. दादानं पाय काढला असता तरी ते फुटणारच होतं. दुसऱ्या वळणावर नाही तर तिसऱ्या. ताणलं म्हणे! त्यानं काही ताणलं नव्हतं. त्याच्या पायाखाली स्फोटकं ठेवून त्याला बसवलं होतं.

आणि अप्पांना माहीत होतं. दार लावून एकट्यानं उघडलं ते याचसाठी. हेड बघितल्याबरोबर त्यांना कळलं असणार, मला लागला तेवढा वेळही लागला नसेल. मग बाहेर येऊन सांगितलं, पोरानं ताणलं.

आत्ता कळलं वाटीवाले का ते. घुमटवाल्यांनी काय होतं ते त्यांना ठाऊक होतं, आणि का होतं ते सांगायची हिंमत नव्हती. हे हेड मी बारकाईनं बघितलं तर बिंग फुटेल!

 उद्या विचारणार.

२२ फेब्रुवारी

विचारलं.

सकाळी, शटर उघडल्याबरोबर, कोणी यायच्या आत. आई डबा द्यायला आली होती, तीही होती. हेड टेबलावर ठेवलं. म्हटलं, अप्पा, बेचाळीस सीसी आहे हे. कोणी घासलं?

 अप्पांनी बोटानं कड चाचपली. मग म्हणाले, "मी."

बस्स, "मी." चष्मा काढून खिशात ठेवला.

तुम्ही घासलंत आणि दादाला दोष दिलात? — मान हलवली. हो अशी. तो हॉस्पिटलात होता तेव्हा? — हो. बावीस वर्षं?

मी काय काय बोलले ते इथे लिहायची हिंमत होत नाही. तुमच्यासारख्या बापापेक्षा नसलेला बरा, हे बोलले. पाय त्याचा मोडला आणि नाव तुमचं वाचलं, हे बोलले. आई मधे पडली, एवढं बोलू नकोस गं त्यांना. तिलाही म्हटलं, तू गप्प बस, तू जन्मभर गप्पच बसलीस.

अप्पा एकदाही "अगं" म्हणाले नाहीत. उभे राहून सगळं ऐकून घेतलं. शाळेत पोरं उभी राहतात तसे.

त्याचाही राग आला. निदान भांडा तरी!

२३ फेब्रुवारी

बोलत नाही त्यांच्याशी. काम करते, डबा वेगळा खाते. हवं ते सामान स्वतः काढते.

दादाला फोन लागत नाही. कुठेतरी आडबाजूच्या शीतगृहात असेल.

२५ फेब्रुवारी

पिस्टनवाल्याला बेचाळीस सांगितलं. पलीकडून शीळ ऐकू आली. मग म्हणाला, मोजलंत म्हणून वाचलात. मग कुठले? त्यानं हिशोब केला, मीही केला, दोघांचं एकच आलं: वाटीवाले. त्यांनी नऊच्या आसपास येतं. छान चालेल, चढावर ओढेल, ठोकणार नाही.

म्हणजे पहिल्या दिवशी अप्पा म्हणाले तेच. तोंड कडू झालं माझं. बरोबर उत्तर चुकीच्या माणसाकडून घ्यावं लागतं तेव्हा असंच होत असेल.

वडिलांना माझा नमस्कार सांगा, म्हणाला पिस्टनवाला. नाही सांगितला.

२८ फेब्रुवारी

आज अप्पा पहिल्यांदा आपणहून बोलले. मी ब्लॉक धूत होते. मागे येऊन उभे राहिले. दादाला सांगितलंस का, विचारलं.

म्हटलं, सांगणार आहे. फोन लागू दे. सगळं सांगणार आहे, आकड्यांसकट.

ते म्हणाले, "त्याला नको सांगूस. त्याला कशाला आता त्रास."

त्रास! मी ब्रश टाकला बादलीत. म्हटलं, त्याला त्रास की तुम्हाला? तुम्हाला तोंड दाखवावं लागेल म्हणून ना? एवढा घाबरट माणूस मी बघितला नाही.

"घाबरट म्हण," म्हणाले. "पण नको सांगूस."

मी निरोप पाठवला दादाला लगेच, त्यांच्या डोळ्यांसमोर. फोन कर. महत्त्वाचं आहे. तुझी चूक नव्हती. अप्पा जाऊन बाकावर बसले. बराच वेळ उठले नाहीत. पाठ वाकलीय त्यांची, हे आजच दिसलं मला. दिसलं म्हणून आणखी राग आला — आता माझ्याकडून दया काढणार का?

२ मार्च

निरोप वाचलाय दादानं. फोन नाही.

४ मार्च

फोन नाही. काय माणसं आहेत ही? एकाला सांगायचं नाही, एकाला ऐकायचं नाही. मी मधल्या मधे बेचाळीस बेचाळीस करत फिरतेय.

६ मार्च

पिस्टन आले. सहा खोकी, तेलकट कागदात. सुंदर माल आहे, खोटं कशाला बोलू. वाटी आरशासारखी.

आता वजनं जुळवायची. सहाही सारख्या वजनाचे हवेत, नाहीतर इंजिन थरथरतं. दोन पिस्टन चार-पाच ग्रॅमनं जड. आतल्या बाजूनं थोडं घासून उतरवावं लागेल. या कामात अप्पांसारखा हात नाही कोणाचा. माझाही नाही, माहीत आहे मला.

मागितली नाही मदत. तराजू टेबलावर ठेवून मी पुढे गिऱ्हाइकाकडे गेले. परत आले तर ते तिथे उभे, कानस हातात, पिस्टन कापडात बाळासारखा धरलेला. एक फेर घासायचा, तराजूवर ठेवायचा, बघायचं.   दुपारपर्यंत टेबलाच्या दोन बाजूंना दोघं काम करत होतो.

हा समेट नव्हे. लिहून ठेवते. काम होतं म्हणून.

७ मार्च

अकरा वाजता दादाचा फोन आला, वर्कशॉपमधे. मी एका दमात सांगितलं — हेड बेचाळीस, कॉम्प्रेशन साडेअकरा, तुझी काहीही चूक नव्हती.   दादा म्हणाला, "अप्पा तीन दिवस आत्याकडे गेले होते बघ, शर्यतीच्या आधी. तेव्हा हेड काढून मी घासून आणलं गं बारके. मला जिंकायचं होतं. त्यांना ते कधी कळलंच नाही. कुठल्या तोंडानं येऊ? तू पण सांगू नकोस त्यांना."

अप्पा समोर चौथा पिस्टन तराजूवर ठेवत होते. चष्मा कपाळावर.

म्हटलं, "थांब. अप्पांना देते."